खालून तिसरी ओळ

९ जानेवारी

प्रिय ठमे,

अक्षर बघून दचकू नकोस. दुकानातल्या खोक्यांवर पत्ते घालायचा जाडा मार्कर घेऊन बसले आहे. एका पानावर सात ओळी मावतात, त्यामुळे पाकीट हातात घेतल्यावर तुला वाटलं असेल, वहिनीने मृत्युपत्र धाडलं. तसं काही नाही. डोळ्याचं आहे.

झालं असं. मागच्या महिन्यात एका हॉटेलचे पडदे शिवायला आले. पहिल्या पडद्याची खालची दुमड घातली, इस्त्री केली, टांगून बघितलं तर दुमड मध्येच पोट सुटल्यासारखी. उसवली. परत घातली, परत तेच. तिसऱ्यांदा उसवायला घेतली तेव्हा सूनबाईला राहवलं नाही. "आई, सरळ शिवण का उसवताय?" मी म्हटलं, "ही तुला सरळ दिसते?" तिने पट्टी लावून दाखवली. मी म्हटलं, "पट्टीही वाकलीय, नवीन आण." मग दाराची चौकट बघितली, तीही वाकडी. शेजारच्या इमारतीचा कोपराही वाकडा. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की सगळं गाव एका रात्रीत वाकडं होत नसतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वयाने होतं हे. डोळ्याच्या पडद्याखाली नको तिथे नव्या रक्तवाहिन्या फुटतात, पाझरतात, आणि मधलं दिसणं जातं. कडेचं राहतं. जन्मभर दुसऱ्यांचे पडदे शिवले आणि शेवटी माझाच ओला झाला. आता उपाय सांगते, पण बसून वाच. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन. डोळ्याच्या आसपास नाही, डोळ्यात.

पहिलं झालं. बधिर करायचे थेंब घालतात, पापण्यांना चिमटा लावतात, वर बघा म्हणतात. मी वर बघत देवाचं नाव घेत होते, तेवढ्यात म्हणाल्या, "झालं मावशी." दुखलं नाही गं. नंतर दिवसभर डोळ्यात एक काळा मणी इकडून तिकडे फिरत होता, हवेचा बुडबुडा असतो म्हणे. मी मान हलवून त्याच्याशी खेळत बसले.

भीती एकाच गोष्टीची वाटते. उजवा डोळा लहानपणापासून आळशी, सगळा कारभार डाव्यावर. तो गेला तर भिंती दिसतील, दार दिसेल, पण समोर बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या जागी नुसता डाग दिसेल. आत्ता तसंच दिसतंय. सूनबाईचा चेहरा मी महिनाभर नीट बघितलेला नाही.

तुझी,
वहिनी


१७ जानेवारी

वहिनी,

बसून वाच म्हणालीस. मी उभ्याने वाचलं आणि मग बसले.

आमच्या ह्यांना ओरडून विचारलं, "तुम्ही घ्याल का हो डोळ्यात सुई?" टीव्हीवर फुटबॉल चालू होता. मान न वळवता काहीतरी म्हणाले. मला ऐकू आलं नाही म्हणून लिहून घेतलं, तर "हो, पण साखर कमी."

बघ काय गंमत आहे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभं आयुष्य लोकांचं बोलणं ऐकण्यात गेलं, आणि आता माझ्याच कानांनी लाइन तोडली. कानात यंत्र घातलं की भांडी ऐकू येतात, माणसं नाही. म्हणून तर आपल्याला पत्रं लिहावी लागतात. तुला दिसत नाही, मला ऐकू येत नाही. दोघींना जोडलं तर एक धड म्हातारी तयार होईल आणि उरलेली भंगारात जाईल.

थट्टा बाजूला. तू आमच्या घरात आलीस तेव्हा मी नववीत होते आणि माझ्या पहिल्या लांब स्कर्टची दुमड तू घातली होतीस. मला माझी वहिनी डोळ्यांसकट हवी आहे. एकही सुई चुकवू नकोस. सोबतीला यायचं असेल तर सांग, मी तिथे बसून सगळ्यांना मोठ्याने बोलायला लावीन.

तुझी,
ठमी


७ मार्च

प्रिय ठमे,

तीन सुया झाल्या. बघ, ह्या वेळी पानावर नऊ ओळी मावल्या, म्हणजे औषध लागू पडतंय. फ्रिजवर चौकटींचा एक कागद चिकटवून दिलाय, रोज सकाळी एक डोळा झाकून बघायचा. जानेवारीत त्या चौकटी माशाच्या जाळ्यासारख्या दिसायच्या. आता मधोमध जराशी सुरकुती आहे, बस.

तिथला कार्यक्रम महिन्याच्या पहिल्या मंगळवारी असतो. सूनबाई मला सोडून दुकान उघडायला जाते आणि दुपारी न्यायला येते. तोवर बाक आणि मी. बाकावर शेजारी एक गृहस्थ असतात, त्यांनी डोकं उठवलंय. आयुष्यभर फुटबॉलचे सामने खेळवले, म्हणून सगळे त्यांना पंच म्हणतात. पहिल्या दिवशी मला माणूस उद्धट वाटला. बोलायचा माझ्याशी आणि बघायचा माझ्या कानाकडे. मी दोनदा कानातलं चाचपलं. शेवटी विचारलं, "माझ्या कानाला काही लागलंय का?" तर म्हणतात, "नाही हो. समोर बघितलं तर तुमच्या जागी डाग दिसतो. कानाकडे बघितलं की कडेने निदान बाई आहे एवढं कळतं."

मी करून बघितलं, खरंच तसंच आहे. आता आम्ही दोघं एकमेकांच्या कानांशी गप्पा मारतो. तिसऱ्याला वाटत असेल की नवरा-बायकोचं बिनसलंय. (नवरा-बायको हे शब्द खोडणार होते, पण मार्करचं खोडलं की जास्तच डोळ्यात भरतं.)

त्यांना कळलं कसं, ते ऐक. निर्णय चुकायला लागले. बाहेर गेलेला चेंडू आत दिसायचा. मैदानावरून ओरडा व्हायचा, पंच आंधळा आहे. मला म्हणाले, "बाई, पहिल्या सामन्यापासून हेच ऐकत आलो. ह्या वेळी ते खरं बोलतायत हे मला कसं कळणार?" मी इतकी हसले की तक्तेवाल्या बाई, म्हणजे तक्त्यावरची अक्षरं वाचून घेतात त्या, पडद्याबाहेर येऊन बघून गेल्या.

त्यांच्या थेंबांच्या बाटलीवरची तारीख मी वाचून देते. मुंगीएवढी अक्षरं असतात, पण जवळ धरली की लागतात मला आता. बडबडे आहेत फार. स्वतःच्या घराबद्दल बोलतात, एकटेच असतात, मुलं लांब. मी आपली हूं हूं करते.

तुझी,
वहिनी


१५ मार्च

वहिनी,

मोजून बघितलं. डोळ्यावर पाच ओळी, पंचांवर तीन पानं. आणि म्हणे हूं हूं करते. तुला हूं हूं करताना मी आजवर पाहिलेलं नाही.

दादा असता तर त्याने त्या पंचाशी पहिल्याच मंगळवारी भांडण काढलं असतं. आठवतं ना, कुठलाही सामना असो, पंचाला शिव्या दिल्याशिवाय त्याला जेवण जात नसे.

सुरकुती गेली की कळव. आणि त्या पंचांना म्हणावं, आमच्या घरी एक माणूस आहे, त्याला टीव्हीसमोरून उठवून दाखवा, मग तुम्हाला पंच मानू.

तुझी,
ठमी


९ मे

प्रिय ठमे,

एप्रिलमध्ये लिहायचं राहिलं. कामं होती.

डोळ्याचं असं झालंय. स्कॅन चांगला आहे, पडद्याखालचं पाणी आटलंय असं डॉक्टरीणबाई म्हणतात. पण तक्ता वाचताना खालून तिसरी ओळ काही येत नाही. एप्रिलमध्ये आली नाही, ह्या मंगळवारीही नाही. त्या जरा काळजीत पडल्यात. म्हणाल्या, पडदा कोरडा आहे आणि दिसत नाही हे कोडं मला सुटत नाही, कदाचित औषधाचा उपयोग होत नसेल, कदाचित मागच्या नसेचं काही असेल. पुढच्या वेळी असंच झालं तर मोठ्या हॉस्पिटलात मेंदूचा फोटो काढायला पाठवतील. तोवर दर महिन्याला सुई चालू. सुई दोन महिन्यांनी एकदा होणार होती, ते रद्द झालं.

पण तू अजिबात काळजी करू नकोस. मी मजेत आहे. काल जिना चढताना गाणं म्हणत होते असं सूनबाई सांगते. मला आठवत नाही. नवीन चपला घेतल्या, हिरव्या. ह्या वयात हिरव्या चपला कोण घालतं असं तू म्हणशील, तर मी घालते.

आणखी काही विशेष नाही.

तुझी,
वहिनी


२८ मे

वहिनी,

एक्स्चेंजमध्ये मी एक गोष्ट शिकले. वाईट बातमी सांगताना माणूस जितका हसतो, तितकी बातमी मोठी असते. डॉक्टर मेंदूचा फोटो काढू म्हणते आणि तू मला चपलांचा रंग सांगतेस. तो माणूससुद्धा पत्रात नाही. तीन पानं अडवणारा पंच एकदम गायब झाला म्हणजे तुला आता कशातच गोडी वाटत नाही, हे मला इथे बसून कळतं. वर आणखी गाणी म्हणतेस. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस.

तेव्हा ठरलं. आम्ही दोघं तुझ्याकडे राहायला येतो. चार दिवसांसाठी नाही, कायमचे. तुझा डोळा मी होईन. रोज सकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवीन, मोठ्याने, कारण मला हळू बोलता येतच नाही. मंगळवारी बाकावर तुझ्याशेजारी मी बसेन. एक मंगळवार चुकवणार नाही.

ह्यांना सांगितलं. उठले आणि स्वतःची उशी पिशवीत भरली. एवढं प्रेम आहे त्यांचं तुझ्यावर. आमची कॉट शेजाऱ्यांना देऊन टाकली, सध्या जमिनीवर झोपतोय. जूनच्या तिसऱ्या आठवड्यातली तिकिटं काढली आहेत.

धीर सोडू नकोस.

तुझी,
ठमी


७ जून

ठमे,

सामान बांधलं असलंस तर सोड. माझा डोळा ठणठणीत आहे. खालून तिसरी ओळ मला दिसते. दुसरीही दिसते. तक्त्याच्या तळाशी छापखान्याचं नाव आहे, तेसुद्धा दिसतं. मी खोटं बोलले. आधी डॉक्टरीणबाईंशी आणि मग तुझ्याशी.

आता कुठून सुरुवात करू. एप्रिलच्या मंगळवारी बाकावर बसले होते. पंच बोलत होते, मी सवयीने त्यांच्या कानाकडे बघत होते, आणि सहज नजर मध्ये आणली. डाग नव्हता. तिथे एक माणूस होता. भुवया दाट, एक दुसरीपेक्षा वर. नाक कधीतरी मोडलेलं, चेंडू बसून असेल. हसताना डोळे अगदी मिटतात. तीन महिने ज्याच्याशी बोलले तो असा दिसतो तर. ठमे, माझ्या पोटात असं काहीतरी झालं, जे ह्या वयात फक्त अपचनाने होतं अशी माझी समजूत होती.

आणि नेमकं त्याच दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मागचा स्कॅन छान होता, आज तक्ताही नीट आला तर दोन महिन्यांनी या. पुढे तीन, मग चार." बाईमाणसाला चांगली बातमी ऐकून इतकं वाईट कधी वाटलं नसेल. तक्त्यासमोर बसले. वरच्या ओळी वाचल्या. खालून तिसरी आली, ग म ल ट प, धुतल्यासारखी स्वच्छ. आणि माझ्या तोंडातून आलं, "दिसत नाही हो." एप्रिलमध्ये ते आपोआप आलं. मे महिन्यात मात्र घरून ठरवून गेले होते, हिरव्या चपला घालून.

ह्या मंगळवारी पकडले गेले. पंचांना तक्त्याच्या खोलीच्या पडद्याला लागून जागा मिळाली होती. त्या खोलीचा पडदा मी पहिल्या दिवसापासून बघतेय. पातळ कापड, अस्तर नाही, जमिनीपासून हातभर वर. असल्या पडद्यामागे कोणी गुपित बोलू नये, आणि हे मला कळायला हवं होतं, माझा धंदाच तो. मी बाहेर आले तर पंच उभे. त्यांनी शर्टाच्या खिशातून लाल कार्ड काढलं, कडा झिजलेलं, आणि सगळ्या बाकांदेखत माझ्या नाकासमोर धरलं.

"मघाशी बाटलीवरची तारीख वाचलीत आणि आत एवढी मोठी अक्षरं दिसेनात? खोटं पडलात. पायाला लागल्याचं सोंग करून पडतात ना, तसं. पुढच्या सामन्याला बाहेर."

मला हसू आलं. ते हसले नाहीत. "हसू नका," म्हणाले. "माझा उजवा डोळा गेला. लोक ओरडत होते आणि मी ऐकलं नाही, वर्षभर उशिरा आलो. डाव्यालाही आता नुसते काठ आहेत. तुमचा मधोमध बरा झालाय. ह्या बाकावरचा प्रत्येक माणूस तेवढंच मागत बसलाय, आणि तुम्ही तो नको असलेल्या सुयांपुढे धरताय." तेवढ्यात त्यांना आत बोलावलं आणि ते भिंत धरून गेले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत जाऊन सगळं कबूल केलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "प्रत्येक सुईला थोडा धोका असतोच, मावशी. मी उगाच देत बसले असते आणि त्यात डोळा गेला असता तर?" का केलंत असं विचारलं. मी सगळा तक्ता वाचून दाखवला, छापखान्यासकट. पुढची तारीख ऑगस्टमधली दिलीय. बाहेर आले तर बाक रिकामा होता.

तुझ्या दादाला जाऊन नऊ वर्षं झाली. तू लिहिलंस ना, दादा असता तर भांडला असता. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि पुढच्या पत्रातून पंचांना काढून टाकलं. तुलाच कोणत्या तोंडाने सांगणार होते? तसं काही झालेलं नाही आणि आता होणारही नाही, त्यांनी मला बाहेर काढलंय. रागावणार असशील तर मोठ्या अक्षरात रागाव.

तुझी,
वहिनी


१५ जून

वहिनी,

मोठ्या अक्षरात: वेडी आहेस.

आता लहान अक्षरात लिहिते, डोळा बरा आहे ना, वाच मुकाट्याने.

वाईट वाटलं का? वाटलं. दादा डोळ्यांसमोर आला आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आमचे हे मागून आले, काय झालं म्हणाले असतील, मला ऐकू आलं नाही. मग त्यांनी नुसता पाठीवर हात ठेवला. तेव्हा मनात आलं, नऊ वर्षांत वहिनीच्या पाठीवर कोणी असा हात ठेवला असेल? आणि मी आणखी रडले, पण ते तुझ्यासाठी. दादासाठी नाही. नंतर तुझ्या हिरव्या चपला आठवल्या आणि इतकं हसू आलं की ह्यांनी डॉक्टरला बोलवू का असं पाटीवर लिहून दाखवलं.

दादा प्रत्येक पंचाशी भांडायचा हे खरं. आणि सामना संपला की त्याच पंचाला घरी चहाला घेऊन यायचा, हेही खरं. त्यांना चहा करून देणारी तूच होतीस. मग अर्धंच का लक्षात ठेवलंस?

आता मुद्द्याचं. लाल कार्डाचं ह्यांना विचारलं. त्यांनी टीव्ही बंद केला, तारीख लिहून ठेवली आहे. म्हणाले, लाल कार्ड मिळालं की तो सामना गेला आणि पुढचा एक गेला. त्यानंतर खेळाडू परत मैदानात. संघातून त्याचं नाव कोणी कापत नाही. आणि कार्ड दाखवतात ते खेळणाऱ्याला, बाहेर बसून शेंगा खाणाऱ्या प्रेक्षकाला नाही. माणूस तुझ्यावर चिडला तो तुझा डोळा जाईल म्हणून. अगं, पुढच्या सामन्याला बाहेर म्हणजे जुलैत यायचं नाही, एवढंच. ऑगस्टमध्ये तो बाकावर जागा धरून बसलेला असेल. तो तुझ्यापेक्षा स्पष्ट बोललाय, तुलाच कळलं नाही.

जुलैत तिकडे फिरकायचं नाही. आणि पुन्हा एक अक्षर जरी चुकवलंस तर मी खरंच राहायला येईन.

तिकिटं रद्द केली. कॉट परत मागितली, पण शेजाऱ्यांचा कुत्रा तिच्यावर झोपतो आणि उठत नाही. अजून जमिनीवरच आहोत.

तुझी,
ठमी


८ जुलै

प्रिय ठमे,

काल पहिला मंगळवार होता. मी शिक्षा पाळली, घरीच बसले. सकाळी फ्रिजवरच्या चौकटी बघितल्या, सगळ्या सरळ. मग एक सोफ्याचं कव्हर शिवायला घेतलं आणि उलट्या बाजूने शिवलं. डोळ्याचा दोष नाही, माझा.

दुपारी खालून सूनबाईची हाक आली. "आई, गिऱ्हाईक आलंय. मापं काहीतरीच आणलीयत." खाली गेले तर पंच. काळा चष्मा, डोळा लाल, नुकतीच सुई घेऊन आलेले. रिक्षावाल्याला पडद्याचं दुकान, बसथांब्यासमोरचं, एवढंच सांगून शोधत आले होते. कानाशी गप्पा मारताना मीच कधीतरी पत्ता सांगितला असणार.

"पडदे शिवायचेत," म्हणाले. "पुढची खिडकी सात विती रुंद, नऊ विती उंच. मागची पाच आणि चार बोटं." टेपवरचे आकडे दिसत नाहीत म्हणून सगळं घर हाताने मोजून आणलं होतं, तोंडपाठ. सूनबाई म्हणाली, "काका, विती कोणाच्या?" ते म्हणाले, "माझ्याच, दुसऱ्या कोणाच्या आणणार?"

मग वीत मोजणं आलं. त्यांनी कापायच्या टेबलावर हात पसरला. मी अंगठ्यापासून करंगळीपर्यंत टेप धरली, साडेआठ इंच भरली. आमच्या कामात माप दोनदा घ्यावं असा नियम आहे. मी चारदा घेतलं. सूनबाई म्हणाली, "आई, हात काही वाढत नाहीये," आणि चहा टाकायला वर निघून गेली. आजवर तिला कधी न सांगता चहा टाकताना मी पाहिलेलं नाही.

मी म्हटलं, वितीवर पडदे शिवता येत नाहीत, खिडक्या मला स्वतःला बघाव्या लागतील. येत्या शनिवारी जाणार आहे.

ते म्हणाले, "खोटं का पडलात ते मला त्याच दिवशी कळलं होतं. म्हणून तर जास्त राग आला. माझ्यापायी कोणी डोळा घालवावा इतका मी देखणा नाही."

मी म्हटलं, "ते मी एप्रिलमध्येच बघितलंय."

त्यावर खूप हसले. मग म्हणाले, "तुम्हाला मी दिसतो. मला तुम्ही दिसला नाहीत, आणि दिसणारही नाहीत. तेव्हा सांगा मला, कशा दिसता. खरं सांगा, सोंग मला कळतं."

"साठीची दिसते," म्हटलं.

"फाउल."

ठमे, शिवणयंत्रावर हात ठेवून सांगितलं. एकाहत्तरची आहे. केस पांढरे, मागून विरळ झालेत. डाव्या गालावर इस्त्रीने भाजल्याचा डाग आहे. डोळे घारे, एक जन्माचा आळशी, एक तुम्ही वाचवलेला. वरचा एक दात नाही, त्यामुळे हसताना तोंडावर हात धरते.

"आत्ता धरलाय?"

"हो."

"काढा," म्हणाले. मी काढला.

तुझी,
वहिनी